पासंग

लुआन बाईंच्या घराची किल्ली आता माझ्याकडे आहे.
चांगछुनचा नोव्हेंबर. तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत
कोबीचे गड्डे, वर्तमानपत्रात गुंडाळून रचलेले,
हीटरच्या नळ्या अजून कोमट.
विद्यापीठाने सांगितलंय, पुस्तकं मोजून यादी द्या.

पहिली फळी रशियन.
सन चौपन्न. बाई एकवीस वर्षांच्या,
गुन्ह्याचे चार घटक तोंडपाठ, झोपेतसुद्धा.
मग चार वर्षांनी विभागालाच कुलूप.
कायदा शिकवायला आधी कायदा लागतो,
असं त्या पुढे सांगत,
काल थंडी होती म्हणावं तसं.

नंतर फळीवर हातभर रिकामी जागा.
तिथे फक्त एक लाकडी काटा, ज्वारी तोलायचा,
दांडीवर पितळेचे ठिपके.
गावात त्यांना डुकरं राखायला धाडलं होतं,
मग अक्षर चांगलं म्हणून तोलाईवर बसवलं.
वजनाच्या बुडाला शिसं चिकटवलेलं,
शेतकऱ्याचं पोतं दर खेपेला हलकं भरायचं.
बाईंनी बोट दाखवलं.
पुढची सहा वर्षं पुन्हा डुकरं.

एकोणऐंशीत देशाला दंडसंहिता मिळाली, बाईंना खडू.
आम्ही चाळीस जण, कुणी गिरणीतून आलेला, कुणी फौजेतून,
मी तर वीटभट्टीवरून.
त्यांनी फळ्यावर 'शिक्षा' हे अक्षर काढलं.
काय दिसतं?
उजवीकडे सुरी, कुणीतरी म्हणालं.
आणि हात?
हात दिसत नाही, बाई.
हो, म्हणाल्या, तीच तर पंचाईत आहे.

पन्नाशीनंतर जपानी शिकल्या, साठीला जर्मन.
सत्तराव्या वर्षी स्वतःच्याच पाठ्यपुस्तकावर
चाळीस पानांची टीका लिहिली,
'प्रस्तुत लेखिकेला इथे काहीच कळलेलं नाही'
हे वाक्य त्यात दोनदा.
पण खरं भांडण एकाच शब्दाशी, जन्मभर.
'संशय असेल तर शिक्षा हलकी':
कोर्टाकोर्टांत रुळलेली वाट.
बाई म्हणत, 'हलकी' खोडा. लिहा, 'गुन्हा सिद्ध नाही'.
सभांमधून लोक माना डोलवायचे
आणि चहाला उठायचे.

अठ्ठ्याण्णवमध्ये मी न्यायासनावर होतो.
आरोपी गवंडी, आडनाव छ्यू.
सुरीवर ठसे नाहीत. कबुली होती,
तीनदा बदललेली, तिन्ही वेळा वेगळ्या हस्ताक्षरात.
वरून फोन, खाली मयताचे नातेवाईक, दाराशी पांढरे फलक.
मी फाशी दिली नाही. जन्मठेप दिली.
दुधाची तहान ताकावर.
त्या रात्री जेवलो नीट,
बायकोला म्हणालोसुद्धा, एक जीव वाचवला.

बारा वर्षांनी दुसऱ्याच प्रांतात
दुसऱ्याच माणसाने ठिकाण सांगितलं, सुरी कुठली तेही सांगितलं.
छ्यू बाहेर आला.
सरकारने दिलेल्या कोटाच्या बाह्या त्याला लांब होत होत्या.
सुक्याबरोबर ओलंही जळतं, असं म्हणायला
त्या दिवशी माझी जीभ उचलली नाही.

बाईंचा फोन आला नाही.
आठवड्याने टपालातून एक पाकीट:
माझीच उत्तरपत्रिका, एक्याऐंशी सालची, कडा पिवळ्या.
प्रश्न चौथा. पुरावा अपुरा, न्यायाधीशाने काय करावे?
माझ्याच अक्षरात, ठळक, 'सोडून द्यावे'.
समासात लाल शाईत त्यांचं 'बरोबर'.
दहापैकी दहा.

आता यादी लिहितोय.
रशियन एकशे चार, जपानी दोनशे सतरा,
जर्मन मोजायची आहेत.
काट्याचं वजन उलटं करून पाहिलं.
शिसं तसंच आहे, घट्ट. त्यांनी काढलं नव्हतं.
'वस्तू: काटा, लाकडी. नग: एक.'
पुढे रकाना आहे, 'स्थिती'.
'चांगली' लिहिलं. खोडलं.
ती ओळ तशीच ठेवून
गॅलरीत गेलो, कोबी मोजले.
एकोणतीस. हे कुणाला द्यायचे
ते विद्यापीठाने सांगितलेलं नाही.